खोकड, कोळसून आणि कोंढाण्याचा उंदीर: सस्तन प्राण्याचं नाव मुळापासून कसं शोधायचं

सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन खाली उतरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असतं, की त्या माथ्यावरच्या झुडपांत एक उंदीर राहतो आणि त्याच्या शास्त्रीय नावात गडाचं जुनं नाव आहे. मिलार्डिया कोंडाना. दुसऱ्या शब्दातला कोंढाणा लगेच ओळखू येतो. पहिला शब्द मुंबईचा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव वॉल्टर मिलार्ड यांच्या नावावरून ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी १९११ मध्ये मिलार्डिया हा वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, उभा केला. कोंढाण्याच्या उंदराचं वर्णन १९७५ मध्ये छापून आलं. मुठीत मावेल एवढ्या प्राण्याच्या दोन शब्दांत मुंबईची संस्था आणि पुण्याचा गड एकत्र आले आहेत, आणि हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलेलं नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून हा लेख. गावात एखाद्या प्राण्याचं नाव कानावर पडलं, तर तिथून त्याच्या शास्त्रीय नावापर्यंत कसं जायचं, ते नाव कसं वाचायचं आणि ते तसं का पडलं हे कसं शोधायचं, ते क्रमानं सांगते. उदाहरणं बहुतेक आपल्याच डोंगरांतली आणि माळांवरची आहेत.

पहिली पायरी: ऐकलेलं नाव तसंच उतरवा

मेंढपाळ 'कोळसून' म्हणाला तर वहीत 'कोळसून' लिहा. 'कोळसुंदा' म्हणाला तर 'कोळसुंदा'. तिथल्या तिथे सुधारून 'रानकुत्रा' करू नका. नावाशेजारी गाव, तालुका आणि तारीख हवीच. ठिकाण नसलेलं स्थानिक नाव पुढे काही कामाचं राहत नाही, कारण एकच नाव दोन तालुक्यांत दोन प्राण्यांना चिकटलेलं असतं. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात 'वाघ आला' म्हणतात तेव्हा तो बिबट्या असतो. तेच वाक्य ताडोब्याच्या कडेच्या गावात ऐकलं तर तो पट्टेरी वाघ असू शकतो.

नाव लिहून झालं की लगेच वर्णन विचारा. केवढा होता, शेपूट कशी होती, दिवसा दिसला की रात्री, एकटा होता की कळपानं, पळाला कसा. नावावर विसंबून वर्णन सोडून दिलं की हमखास फसगत होते. आपल्याकडचा 'मांजर' हा शब्दच बघा. खवल्या मांजर, उदमांजर, जवादी मांजर, पाणमांजर यांपैकी एकही मार्जार कुळातलं नाही. खवल्याचा गणच वेगळा, पाणमांजर मुंगसापेक्षा विझल या लांबट, छोट्या मांसभक्षकाच्या जवळचं, आणि उरलेली दोन सिव्हेट कुळातली. उलट वाघाटी हे खरंखुरं छोटं रानमांजर, आणि तिच्या नावात मात्र वाघ. ही नावं चुकीची आहेत असं मी म्हणणार नाही. माणसानं प्राण्याला चालीवरून, आकारावरून, राहत्या जागेवरून ओळखलं आणि तसं नाव दिलं. त्यात नातेसंबंध शोधायला गेलं की घोळ होतो.

दुसरी पायरी: शास्त्रीय नावापर्यंत पोहोचा

आधी गट ठरवा: कृंतक (उंदीर-खारींसारखा कुरतडणारा) आहे का, मांसभक्षक आहे का, खूर आहेत का, वटवाघूळ आहे का. मग त्या गटातल्या आपल्या भागात आढळणाऱ्या जातींची यादी काढा. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या याद्या, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाची रेड लिस्ट आणि अमेरिकन सोसायटी ऑफ मॅमॉलॉजिस्ट्सचा मॅमल डायव्हर्सिटी डेटाबेस ही तीन ठिकाणं पुरतात. फोटो असेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तिथे जाणकार ओळख पटवून देतात, पण फोटोत शेपटीचं टोक आणि पाय दिसत असतील तरच. मराठी नाव थेट गुगलमध्ये टाकून पहिल्या चित्रावर विश्वास ठेवू नका.

दोन ठिकाणी दोन वेगळी शास्त्रीय नावं सापडली तर घाबरून जाऊ नका. त्याचं उत्तर पाचव्या-सहाव्या पायरीवर आहे.

तिसरी पायरी: नाव वाचायला शिका

शेकरू घेऊ. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याचं पूर्ण शास्त्रीय नाव असं लिहितात: रॅटुफा इंडिका (एर्क्सलेबेन, १७७७).

पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. (बातम्यांत 'प्रजाती' हा शब्द दोन्ही अर्थांनी येतो आणि गोंधळ होतो, म्हणून मी वंश आणि जाती हेच शब्द वापरते.) रोमन लिपीत वंशाचं पहिलं अक्षर मोठं आणि जातीचं लहान असतं, आणि दोन्ही शब्द तिरप्या टायपात छापतात. त्यापुढचं नाव वर्णन करणाऱ्याचं, आणि साल ते वर्णन प्रसिद्ध झाल्याचं.

आता कंस बघा. ही खूण बहुतेक जण सोडून देतात आणि तिच्यातच गोष्ट दडलेली असते. कंस असेल तर समजायचं की वर्णन करणाऱ्यानं ही जाती आधी दुसऱ्या वंशात टाकली होती. एर्क्सलेबेन यांनी शेकरूला साध्या खारींच्या वंशात ठेवलं होतं, स्क्युरस इंडिकस या नावानं. पुढे १८६७ मध्ये ग्रे यांनी रॅटुफा हा वंश केला आणि शेकरू तिकडे गेलं. जातीचं नाव सोबत गेलं, पण 'इंडिकस'चं 'इंडिका' झालं. कारण लॅटिनमध्ये स्क्युरस पुल्लिंगी आणि रॅटुफा स्त्रीलिंगी धरतात, आणि विशेषणाला नामाप्रमाणे बदलावं लागतं. काळा घोडा, काळी घोडी, तसंच हे. मराठी माणसाला हा नियम समजवावा लागत नाही. जातीचं नाव विशेषण नसून नाम असेल तर ते बदलत नाही. वाघाचं 'टायग्रिस' आणि बिबट्याचं 'पार्डस' कुठल्याही वंशात गेलं तरी तसंच राहतं.

वंश आणि जाती एकच शब्द असू शकतात. चितळ म्हणजे अ‍ॅक्सिस अ‍ॅक्सिस. वनस्पतींच्या नावांत ही पुनरुक्ती चालत नाही, प्राण्यांच्या नावांत चालते.

चौथी पायरी: अर्थ लावा, पण अर्थावर जाऊ नका

लॅटिन-ग्रीक शब्दांचा अर्थ शोधण्यात गंमत असते आणि ती जरूर घ्यावी. मात्र शास्त्रीय नाव खरं असलंच पाहिजे असा नियम नाही. एकदा रीतसर दिलेलं नाव अर्थ चुकीचा निघाला म्हणून रद्द होत नाही.

आपल्या अस्वलाची कथा यासाठी उत्तम. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ यांच्यासमोर हा प्राणी आला. लांब वाकडी नखं, आणि वरच्या जबड्यातले मधले दोन पटाशीचे दात नाहीत. शॉ यांना तो दक्षिण अमेरिकेतल्या, झाडांवर लटकणाऱ्या संथ स्लॉथसारखा वाटला आणि त्यांनी नाव ठेवलं ब्रॅडिपस अर्सिनस, अस्वलासारखा स्लॉथ. दोनच वर्षांनी मेयर यांनी मेलर्सस, म्हणजे मध-अस्वल, हा वंश केला. वंश दुरुस्त झाला, पण अर्सिनस हे जातीनाव टिकलं. आज पूर्ण नावाचा अर्थ होतो 'अस्वलासारखं मध-अस्वल'. इंग्रजीतल्या 'स्लॉथ बेअर' या नावात तर तो स्लॉथ अजूनही शिल्लक आहे. दातांमधल्या ज्या फटीनं शॉ यांची दिशाभूल केली, तिच्यातूनच अस्वल वारुळातली वाळवी सूं सूं करत ओढून घेतं. रात्री जंगलात तो आवाज बराच लांबून ऐकू येतो.

उदमांजराचं जातीनाव आहे हर्माफ्रोडायटस, एकाच देहात नर आणि मादी असलेला. त्यात तसं काही नाही. नर-मादी दोघांच्याही शेपटीखाली गंधग्रंथी असतात आणि त्या वृषणांसारख्या दिसतात. कोळसुनाचं जातीनाव अल्पिनस, उंच पर्वतातला. मेळघाटच्या सागवानातल्या कोळसुनालाही हेच नाव, कारण पॅलस यांनी १८११ मध्ये वर्णन केलं ते रशियाच्या अतिपूर्वेकडच्या प्राण्याचं.

पाचवी पायरी: आधी कोण आलं ते बघा

सगळ्या शास्त्रीय नावांचा कणा म्हणजे अग्रक्रमाचा नियम. एकाच प्राण्याला दोघांनी नावं दिली असतील तर आधी रीतसर प्रसिद्ध झालेलं नाव चालतं. मोजणी सुरू होते स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याच्या 'सिस्टेमा नेचरे' या ग्रंथाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीपासून. त्याआधीची नावं जमेस धरत नाहीत. नियमांची संहिता सांभाळते प्राणिनामकरणाचा आंतरराष्ट्रीय आयोग, आणि तिची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे.

हा नियम समजून घ्यायला दख्खनइतकी चांगली शाळा दुसरी नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला विल्यम हेन्री साइक्स हा अधिकारी इथे सांख्यिकीच्या कामावर हिंडत होता. १८३१ मध्ये त्यानं दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे ठेवली. त्यानं काही प्राण्यांना नवी शास्त्रीय नावं दिली आणि शेजारी मराठी नावंही नोंदली. त्या यादीतल्या चार नावांचं पुढे काय झालं ते बघा.

माळावरच्या चिंकाऱ्याला त्यानं नाव दिलं अँटिलोपी बेनेटिआय, सोसायटीतल्या बेनेट या प्राणिशास्त्रज्ञावरून. त्याआधी या जातीला कुणी नाव दिलेलं नव्हतं, म्हणून ते टिकलं. आज वंश बदलून गॅझेला बेनेटिआय (साइक्स, १८३१). कंस का आला हे आता तुम्हाला सांगता येईल.

लांडग्याला नाव दिलं कॅनिस पॅलिपेस, फिकट पायांचा. लांडगा ही जाती लिनियसनं १७५८ मध्येच नोंदली होती. त्यामुळे पॅलिपेस आता त्या जातीतली उपजाती धरतात, आणि नाव तीन शब्दांचं होतं: कॅनिस ल्युपस पॅलिपेस.

कोळसुनाला नाव दिलं कॅनिस डुखुनेन्सिस, दख्खनचा. '-एन्सिस' हा शेवट दिसला की समजायचं, नाव ठिकाणावरून आहे. पण पॅलस वीस वर्षं आधी येऊन गेले होते. डुखुनेन्सिस आज उपजातीच्या पातळीवरच भेटतं.

आणि चौथं नाव कॅनिस कोक्री. हे आपलं खोकड, कोल्ह्याहून लहान, माळावर बिळात राहणारं. साइक्सनं कुणाच्या तरी तोंडून शब्द ऐकला, इंग्रजी कानानं जमेल तसा लिहिला आणि थेट शास्त्रीय नावात बसवला. मराठी शब्द जगभरच्या प्राणिशास्त्रात कायमचा बसला असता! पण शॉ यांनी १८०० मध्येच त्याच प्राण्याला बेंगालेन्सिस म्हणून ठेवलं होतं. म्हणून सोलापूरच्या माळावरचं खोकडही आज व्हल्पीस बेंगालेन्सिस, बंगालचं. कोक्री आता समनामांच्या, म्हणजे त्याच प्राण्याच्या मागे पडलेल्या नावांच्या, यादीत पडून आहे. नियम योग्यच आहे हे मला पटतं, नाहीतर प्रत्येक देशानं आपापली नावं रेटली असती. तरीही ती यादी चाळताना कोक्री हा शब्द दिसला की माझा हात तिथे थांबतो.

त्याच यादीतलं एल्फिन्स्टोनी हे नावही आठवणीत ठेवण्यासारखं आहे. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या एल्फिन्स्टन यांच्या नावावरून साइक्सनं ते शेकराला दिलं. भीमाशंकरच्या शेकराला उपजाती म्हणून अजून याच नावानं ओळखतात.

अग्रक्रमाला अपवाद करायचा तर आयोगाकडे जावं लागतं. गवा आणि ईशान्येतला पाळीव मिथुन यांचं उदाहरण बोलकं आहे. मिथुनाला नाव मिळालं १८०४ मध्ये, बॉस फ्रंटॅलिस. रानगव्याला १८२७ मध्ये, बॉस गौरस. दोघांना एकच जाती मानलं तर नियमानं रानटी गव्यालाही पाळीव जनावराचं नाव लागलं असतं. पाळीव आणि त्यांच्या रानटी पूर्वजांची अशी १७ प्रकरणं होती. २००३ मध्ये आयोगानं त्या सगळ्यांत रानटी जातीचं नाव उशिराचं असलं तरी राखून ठेवलं.

सहावी पायरी: नाव का बदललं ते शोधा

जुन्या पुस्तकात एक आणि नव्या यादीत दुसरं नाव असेल तर बहुधा दोनपैकी एक कारण असतं. एक तर जाती फोडलेली असते. पिसोरी हरीण पूर्वी मॉस्किओला मेमिन्ना म्हणून लिहीत. २००५ मध्ये अभ्यासकांनी दाखवलं, की श्रीलंकेतलं आणि भारतातलं पिसोरी वेगळं. मेमिन्ना हे नाव श्रीलंकेतल्या प्राण्याकडे राहिलं आणि आपल्याकडच्यासाठी ग्रे यांनी १८५२ मध्ये दिलेलं इंडिका वर काढलं. मागे पडलेलं नाव मरत नाही, गरज पडली की त्याला परत कामाला लावतात.

नाहीतर वंश बदललेला असतो. मुंगूस कालपर्यंत हर्पेस्टेस एडवर्ड्सिआय होतं. आशियातली मुंगसं आफ्रिकेतल्यांपेक्षा वेगळ्या फांदीवरची ठरल्यावर ते उर्वा एडवर्ड्सिआय झालं.

मुंगसापाशी क्षणभर थांबायलाच हवं. इंग्रजीतला 'मंगूस' हा शब्द आपल्या 'मुंगूस'वरूनच गेलेला आहे. पुढे तोच शब्द लॅटिनचा वेष घेऊन मुंगोस हा वंश झाला, आणि आज मुंगोस मुंगो हे नाव आफ्रिकेतल्या पट्टेरी मुंगसाचं आहे. तो प्राणी भारतात आढळतही नाही. शब्द मराठी, प्राणी आफ्रिकी, आणि मूळ मुंगसाच्या शास्त्रीय नावात मुंगूस नाहीच. तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु' म्हणजे डुक्कर-उंदीर या शब्दाचंही असंच झालं. त्यावरून इंग्रजीत आपल्या घुशीला बँडिकूट म्हणू लागले आणि मग तेच नाव ऑस्ट्रेलियातल्या पिशवीवाल्या प्राण्यांना दिलं. सामान्य नावं माणसांबरोबर जहाजानं फिरतात. त्यामुळे इंग्रजी नावावरून नातं ठरवू नका. गव्याला 'इंडियन बायसन' म्हणतात, पण तो बायसन नाही.

सातवी पायरी: नवं नाव कसं जन्मतं ते समजून घ्या

नव्या जातीला नाव द्यायचं तर चार गोष्टी लागतात. एक नमुना, ज्याला नाव कायमचं बांधलेलं राहील. तो प्रमाण नमुना कुठल्या संग्रहात ठेवला आहे याची माहिती. इतर जातींपासून वेगळेपण सांगणारं वर्णन. आणि रीतसर प्रकाशन. २००० पासून प्रमाण नमुना स्पष्टपणे ठरवून देणं बंधनकारक आहे. २०१२ पासून फक्त इंटरनेटवर छापलेलं वर्णनही चालतं, मात्र झूबँक या नोंदवहीत त्याची नोंद हवी.

संग्रहातला नमुना कधी जवळून पाहायला मिळाला तर त्याच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी आधी वाचा. ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, नर की मादी, आणि ठरलेल्या क्रमानं चार मापं: डोकं आणि धड, शेपूट, मागचं पाऊल, कान. शाई पुसट झालेली असते, पण संशोधन उभं राहतं ते त्या चिठ्ठीवर.

अशीच चिठ्ठी असलेलं एक वटवाघूळ मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात वीसेक वर्षं पडून होतं. तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरांत अँगस हटन यांनी ते १९४८ मध्ये मिळवलं होतं, आणि नेहमीचं फळखाऊ वटवाघूळ समजून ते ठेवलं गेलं. थायलंडचे कित्ती थाँगलाँग्या यांनी ते पुन्हा तपासलं. शेपूट नाही, आणि वरच्या-खालच्या जबड्यात पटाशीच्या दातांची एकेकच जोडी. जातीच नव्हे, वंशही नवा निघाला. १९७२ मध्ये त्यांनी नाव दिलं लॅटिडेन्स सालिमअलीआय: रुंद दातांचं, पक्षितज्ज्ञ सालिम अलींचं. माणसाच्या नावावरून जातीनाव करताना लॅटिनची षष्ठी लावतात, पुरुषाला 'आय', स्त्रीला 'ए'. 'अली'मधला इकार मूळ नावातला आणि पुढचा षष्ठीचा, म्हणून रोमन लिपीत शेवटी दोन आय दिसतात. ती मुद्रणाची चूक नव्हे.

दोन वर्षांनी थाँगलाँग्या गेले. त्यांनी थायलंडात शोधलेल्या, जेमतेम दोन ग्रॅम वजनाच्या वटवाघळाचं वर्णन १९७४ मध्ये ब्रिटनच्या हिल यांनी केलं आणि नाव ठेवलं क्रॅसिओनिक्टेरिस थाँगलाँग्याय. नाव देणाऱ्याचंच नाव पुढच्या नावात आलं.

आठवी पायरी: आपल्या भाषेतलं नाव नोंदवा

सामान्य नावांना कुठलाही आयोग नाही, कुठला अग्रक्रमही नाही. लोक वापरतील ते नाव. मोठ्या प्राण्यांना मराठीत भरपूर नावं आहेत. भारतात वटवाघळांच्या शंभराहून जास्त जाती आहेत आणि मराठीत बहुतेकांना वटवाघूळ नाहीतर पाकोळी म्हणून आपण मोकळे होतो. छोट्या सस्तन प्राण्यांसाठी नावं हवीत. ती इंग्रजीचं शब्दशः भाषांतर करून पाडण्याआधी, त्या प्राण्याच्या शेजारी राहणाऱ्यांना विचारा. बऱ्याचदा नाव असतं, कुणी लिहून घेतलेलं नसतं.

वहीतली नोंद अशी ठेवा:

ऐकलेलं नाव: खोकड. गाव, तालुका, तारीख. सांगणारे: मेंढपाळ.
वर्णन: कोल्ह्याहून लहान, शेपटीचं टोक काळं, संध्याकाळी बिळाजवळ.
शास्त्रीय नाव: व्हल्पीस बेंगालेन्सिस (शॉ, १८००).
पहिलं नाव: कॅनिस बेंगालेन्सिस.
समनाम: कॅनिस कोक्री, साइक्स, १८३१. दख्खनमधून, मराठी नावावरून.
पडताळलं: दोन याद्यांत, तारखेसह.

समनामाच्या ओळीत साइक्सला कंस नाही, कारण कॅनिस हा वंश त्यानंच निवडला होता. पडताळणीची तारीख मात्र दर वर्षी नव्यानं घाला. मुंगसासारखा एखाद्याचा वंश मधल्या काळात बदललेला असतो.